भट्टीआधीची घनता

धातू आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचे चूर्ण साच्यात दाबून, त्या संयुगाच्या द्रवणांकापेक्षा बऱ्याच खालच्या तापमानाला भट्टीत तापवले, की चूर्णाचे सुटे कण न वितळता एकमेकांना सांधले जातात आणि त्यांचा एकसंध, कठीण पिंड होतो. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात, आणि अशा रीतीने घडलेली वस्तू ऑक्साइड सिरॅमिक या नावाने ओळखली जाते. हा आडमार्ग पत्करण्याचे कारण उघड आहे. अॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे अॅल्युमिना, सुमारे २,०५० अंश सेल्सियसला वितळते, युरेनियम डायऑक्साइड सुमारे २,८५० अंशांना, तर थोरियम डायऑक्साइड, म्हणजे थोरिया, ३,३०० अंशांच्याही वर. एवढ्या उष्ण द्रवाला सामावणारे भांडे मिळणे दुर्घट, आणि मिळाले तरी ओतलेली वस्तू थंड होताना तडकल्यावाचून राहणे त्याहून दुर्घट. म्हणून चूर्ण, दाब आणि उष्णता यांवाचून गत्यंतर नसते, आणि तयार झालेल्या वस्तूची पारख करताना पहिला प्रश्न विचारला जातो तो तिच्या घनतेचा. ती कमी भरली की दोष भट्टीला देण्याची रीत जुनी आहे. तापमान चढवावे, वेळ वाढवावा, हे उपाय लगेच सुचतात आणि पुष्कळदा वाया जातात. पुढील विवेचनाचा रोख असा आहे, की भट्टीतून निघालेल्या घनतेचा मोठा हिस्सा भट्टीचे दार उघडण्यापूर्वीच ठरलेला असतो, आणि त्याचा शोध चूर्ण जन्माला आले त्या टाकीपर्यंत मागे जाऊन घ्यावा लागतो.

सुट्या कणांचा पिंड म्हणजे काय, हे समजण्यासाठी रायगड जिल्ह्यातील वाचकाला दूर जावे लागत नाही. पेण शहरात आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांच्या कारखान्यांत घडणारी शाडूची गणेशमूर्ती हा न भाजलेला मृत्तिकापिंड असतो. मातीचे अतिसूक्ष्म, चपटे कण पाण्याच्या आधाराने एकमेकांवर बसतात, पाणी उडून गेले की जवळ येतात आणि केवळ पृष्ठभागांच्या क्षीण आकर्षणाने धरून राहतात, म्हणूनच विसर्जनाच्या वेळी पाणी पुन्हा त्यांच्यामध्ये शिरताच मूर्ती विरघळू लागते. तीच माती कुंभाराच्या भट्टीत आठशे अंशांच्या आसपास तापली, तर तिच्यात रासायनिक रीत्या बांधलेले पाणी कायमचे निघून जाते, कण सांधले जातात आणि मग पाणी तिचे काही वाकडे करू शकत नाही. मूर्तिकार ओली मूर्ती कडक उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवतो, कारण बाहेरचा थर आतल्याच्या आधी आकसला तर भेग पडते. असमान आकसण्यातून भेग हा नियम शाडूला लागू आहे तसाच अणुभट्टीच्या इंधनालाही लागू आहे. साम्य मात्र इथेच संपते. माती हे सिलिकेटांचे मिश्रण असल्याने भाजताना तिच्यात थोडी काच तयार होते आणि ती द्रवरूप काच कणांना चिकटवते, तर शुद्ध ऑक्साइडात असा कोणताही मदतीचा द्रव नसतो आणि सारे काम घन अवस्थेतल्या अणूंना आपली जागा सोडून, एकेक पाऊल सरकत करावे लागते.

घनतेचा आकडा नेमका कशाशी तुलना करून सांगायचा, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. युरेनियम डायऑक्साइडच्या स्फटिकाची घनाकृती एकक कोशिका, म्हणजे ज्याची पुनरावृत्ती होऊन स्फटिक बनतो तो सर्वांत लहान तुकडा, ०.५४७ नॅनोमीटर बाजूची असते आणि तीत चार युरेनियमचे व आठ ऑक्सिजनचे अणू मावतात. क्ष-किरणांनी मोजलेल्या या बाजूवरून आणि अणुभारांवरून गणित केले की घन सेंटीमीटरला १०.९६ ग्रॅम ही सैद्धांतिक घनता मिळते. थोरियाची सैद्धांतिक घनता अशाच हिशेबाने १०.०० आणि अॅल्युमिनाची सुमारे ३.९९ येते. प्रत्यक्ष वस्तूची घनता या आकड्याच्या टक्केवारीत सांगण्याचा प्रघात आहे, म्हणजे ९५ टक्के घनतेच्या पिंडात आकारमानाचा विसावा हिस्सा पोकळ असतो. पण ही पोकळी थोड्या मोठ्या छिद्रांची आहे की असंख्य सूक्ष्म छिद्रांची, ती छिद्रे पृष्ठभागापर्यंत उघडी आहेत की आत बंदिस्त, हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली मोजणी करतात: नमुना कोरडा तोलतात, निर्वातात द्रव मुरवून तोलतात, आणि त्याच द्रवात टांगून तोलतात, या तीन वजनांतून एकूण घनता आणि उघडी छिद्रे यांचा वेगवेगळा हिशेब निघतो. केवळ लांबी, व्यास व वजन यांवरून काढलेली घनता कडा झिजलेल्या नमुन्यात कमी भरते. त्यामुळे मोजणीची रीत न सांगता दिलेल्या घनतेच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते, आणि शोधनिबंधांत ही उणीव खेदजनक प्रमाणात आढळते.

चूर्णाचा पिंड आपणहून का आकसतो, याचे उत्तर पृष्ठऊर्जेत आहे. घन पदार्थाच्या पृष्ठभागावरील अणूंना सर्व बाजूंनी शेजारी नसतात, म्हणून पृष्ठभाग बाळगणे हे पदार्थाला ऊर्जेच्या दृष्टीने महागात पडते, आणि बारीक चूर्णात हा पृष्ठभाग एका ग्रॅमला कित्येक चौरस मीटर इतका असतो. तापमान पुरेसे चढले, की अणू सरकू लागतात आणि दोन कण जिथे टेकलेले असतात तिथे मान तयार होते. ही मान कशी वाढते याचे गणित याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९४५ मध्ये सांद्र द्रवाच्या प्रवाहासाठी आणि जॉर्ज कुचिन्स्की यांनी १९४९ मध्ये अणूंच्या विसरणासाठी मांडले. विसरण म्हणजे अणूंचे स्फटिकातील रिक्त जागांतून किंवा सीमांवरून होणारे स्थलांतर. पहिल्या टप्प्यात माना जाड होतात, दुसऱ्या टप्प्यात छिद्रे एकमेकांना जोडलेल्या नळ्यांच्या जाळ्यासारखी होतात, आणि घनता साधारण ९२ टक्क्यांच्या पुढे गेली की हे जाळे तुटून छिद्रे सुटी व बंदिस्त होतात. शेवटचा टप्पा सर्वांत कष्टाचा.

येथे एक बारकावा असा, की अणूंचे प्रत्येक स्थलांतर पिंड आकसवत नाही. कणाच्या पृष्ठभागावरून सरकत मानेकडे आलेला अणू मान जाड करतो खरा, पण दोन कणांची केंद्रे जवळ आणत नाही. त्या दोन कणांमधल्या सीमेवरून निघून मानेवर पोहोचलेला अणू मात्र केंद्रे जवळ आणतो आणि घनता वाढवतो. तापमान कमी असताना पृष्ठभागावरील हालचाल तुलनेने जोरात असते, त्यामुळे फार सावकाश तापवलेले चूर्ण घनता न मिळवता नुसतेच भरड होऊ शकते आणि पुढच्या टप्प्यासाठी लागणारी पृष्ठऊर्जा आधीच खर्चून बसते. कोनियर्स हेरिंग यांनी १९५० मध्ये दाखवले, की कणाचा आकार बदलला तर त्याच परिणामाला लागणारा वेळ त्या आकाराच्या ठरावीक घाताने बदलतो, आणि कणसीमांवरून होणाऱ्या विसरणासाठी हा घात चौथा असतो. म्हणजे कण निम्मा केला तर वेळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. बारीक चूर्णाचा एवढा आग्रह का धरला जातो, याचे मूळ या गणितात आहे. भट्टीत एखादा तास वाढवून जे साधत नाही ते कण बारीक करून साधते, निदान कागदावर तरी.

कागद आणि कारखाना यांतले अंतर समजून घ्यायला महाराष्ट्रात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राइतके समृद्ध उदाहरण दुसरे नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६७ पासून होमी भाभा यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेत युरेनियम डायऑक्साइडचे इंधन बनवण्याची पद्धत विकसित झाली, राजस्थानातील पहिल्या अणुवीज एककाच्या सुरुवातीच्या इंधनाचा काही भाग येथेच तयार झाला, आणि पुढे हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सने ते काम औद्योगिक प्रमाणावर हाती घेतले. भारतातील बहुसंख्य अणुवीज एकके नैसर्गिक युरेनियमच्या ऑक्साइडावर आणि जड पाण्यावर चालतात. त्यांपैकी दोन, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, तारापूरला आहेत, आणि जड पाणी बनवणाऱ्या प्रकल्पांपैकी एक रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळ येथे, खत कारखान्याच्या अमोनिया संयंत्राला जोडून १९८७ पासून चालत आला आहे. म्हणजे याच जिल्ह्यातील रोह्यापासून थोड्या अंतरावर या विद्युत्‌व्यवस्थेतील पाण्याची बाजू आहे आणि पेणच्या उत्तरेला, खाडीपलीकडे, तिच्या घन इंधनाचे मूळ आहे.

हे इंधन पेलेटच्या, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या दंडगोलांच्या, रूपात असते, आणि पेलेटची कहाणी एका अवक्षेपणाच्या टाकीत सुरू होते. शुद्ध युरेनिल नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया सोडला की अमोनियम डाययुरेनेटचा पिवळा साका बसतो; तो गाळून, वाळवून, भाजून ऑक्साइड मिळवतात आणि मग हायड्रोजनच्या वातावरणात तापवून त्याचे डायऑक्साइडात क्षपण करतात, म्हणजे जादा ऑक्सिजन काढून टाकतात. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही या क्रिया अपरिचित नाहीत, आणि त्यांतली अडचणही त्याला ठाऊक असते: द्रावणाचे तापमान, आम्लता, अमोनिया सोडण्याचा वेग आणि ढवळणे यांत थोडा फरक पडला, की साका गाळायला सोपा किंवा अवघड होतो. सिरॅमिकच्या दृष्टीने हा फरक त्याहून खोलवर जातो. सावकाश बसलेल्या साक्याचे स्फटिक भरड आणि सुटे असतात, झपाट्याने बसलेल्याचे अतिसूक्ष्म आणि एकमेकांना घट्ट चिकटलेले. पुढे भाजल्यावर आणि क्षपणानंतरही ही मूळ बांधणी चूर्णात टिकून राहते, आणि दाबताना व सिंटर करताना वेगवेगळी वागते. भाजणीचे तापमान वाढवले की चूर्णाचा विशिष्ट पृष्ठभाग, म्हणजे एका ग्रॅममागे मिळणारे पृष्ठफळ, घटतो; कमी ठेवले तर तो इतका राहतो, की ताजे युरेनियम डायऑक्साइड हवेत येताच स्वतःहून पेट घेऊ शकते, आणि म्हणून नियंत्रित प्रमाणात थोडा ऑक्सिजन देऊन ते आधी स्थिर करावे लागते.

वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे चूर्ण जितके बारीक तितके चांगले असे वाटेल, पण चूर्णाच्या व्यवहारात ते पूर्ण खरे नाही. अतिसूक्ष्म कण क्वचितच सुटे राहतात. त्यांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळीच्या आत कण दाटीने बसलेले असल्यामुळे ती शेजारच्या सैल चूर्णापेक्षा आधी आणि जास्त आकसते, मग गुठळीभोवती एक पोकळ फट उरते आणि ती फट भट्टीत कितीही वेळ ठेवली तरी पुरती मिटत नाही, कारण मोठ्या छिद्राभोवती इतके स्फटिककण असतात, की ते छिद्र आकसण्याऐवजी जसेच्या तसे राहणे किंवा वाढणेच ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे ठरते. शिवाय फार फुगीर चूर्ण साच्यात नीट भरत नाही आणि पुष्कळ वायू धरून ठेवते. म्हणून व्यवहारात मधला मार्ग धरतात: चूर्ण आधी हलक्या दाबाने दाबून त्याचे तुकडे करतात, ते चाळून सारख्या आकाराचे दाणे मिळवतात, आणि साच्यात सहज वाहणाऱ्या या दाण्यांचे अखेरचे दाबण करतात. पण हे दाणेही जास्त कडक झाले तर अखेरच्या दाबाखाली चिरडले जात नाहीत आणि त्यांच्यामधल्या सीमा पेलेटमध्ये जशाच्या तशा दिसत राहतात. बारीकपणा, गुठळी आणि कडकपणा यांतले हे त्रांगडे सोडवण्यात कारागिरीचा वाटा अजूनही मोठा आहे, आणि तो सूत्रात बसवण्याचे प्रयत्न अर्धवटच यशस्वी झाले आहेत.

दाबलेल्या पण न भाजलेल्या पेलेटला कच्चे पेलेट म्हणतात. चौरस सेंटीमीटरला कित्येक टन दाब देऊनही त्याची घनता सैद्धांतिक घनतेच्या पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यानच पोहोचते. ५५ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर जायचे असेल, तर पेलेटची प्रत्येक बाजू सुमारे १७ टक्क्यांनी आखूड व्हायला हवी, हे साध्या घनमुळाच्या हिशेबाने कळते; म्हणजे साचा बनवतानाच या आकसण्याचा अंदाज अचूक बांधावा लागतो. दाब मात्र पेलेटमध्ये सर्वत्र सारखा पोहोचत नाही. चूर्ण साच्याच्या भिंतीवर घासते, त्यामुळे वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी दाबले तरी मधला पट्टा कमी दाबला जातो. तोच पट्टा भट्टीत अधिक आकसतो, आणि सरळ दंडगोल दाबला असला तरी भट्टीतून तो कंबर आत गेलेल्या डमरूच्या आकारात निघतो. पेलेट मग घासून नेमक्या व्यासाचे करावे लागते. घर्षण कमी करण्यासाठी झिंक स्टिअरेटसारखे स्नेहक चूर्णात मिसळतात, पण तेही भट्टीच्या सुरुवातीच्या भागात सावकाश जाळून काढावे लागते. दाब अवाजवी वाढवला तर साच्यातून बाहेर येताना पेलेट लवचीकपणे किंचित फुगते, आत कोंडलेली हवा सुटू पाहते आणि डोक्यावरची चकती टोपीसारखी निखळते. अशी चीर अनेकदा डोळ्यांना दिसत नाही, आणि भट्टीतून बाहेर आल्यावर तिचा दोषही भट्टीवर येतो.

तापमान आणि वेळ यांबद्दल मोजकेच सांगण्यासारखे आहे, कारण हे दोन घटक सर्वांत मोजता येण्याजोगे आणि म्हणून सर्वांत जास्त अभ्यासलेले आहेत. विसरणाचा वेग तापमानाबरोबर घातांकाने वाढतो, त्यामुळे पन्नास अंशांचा फरक जे करतो ते कित्येक तास करू शकत नाहीत. खरी अडचण शेवटच्या टप्प्यातली आहे. त्या टप्प्यात छिद्रे स्फटिककणांच्या सीमांवर असतात तोवर त्यांतली रिकामी जागा सीमेवाटे निघून जाऊ शकते. पण तापमान चढे राहिले तर स्फटिककण वाढू लागतात, सीमा सरकतात, आणि एखादी सीमा छिद्राला मागे टाकून पुढे निघून गेली की ते छिद्र स्फटिककणाच्या पोटात कायमचे अडकते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी अॅल्युमिनात एक टक्क्याहूनही बरेच कमी मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून सीमांची ही धाव रोखली, आणि छिद्रे जवळजवळ नाहीशी होऊन प्रकाश आरपार जाऊ देणारे अॅल्युमिना मिळाले. रस्त्यांवरच्या सोनेरी पिवळ्या सोडियम दिव्यांची आतली नळी याच पदार्थाची बनली. अॅल्युमिनाचा कच्चा माल असलेले बॉक्साइट रायगडच्या दक्षिण किनाऱ्याकडील पठारांवर जांभ्याच्या सोबतीने आढळते, पण बॉक्साइटपासून बायर पद्धतीने काढलेल्या अॅल्युमिनात उरणारा सोडियमचा अंश स्वतःच सिंटरिंगमध्ये ढवळाढवळ करतो, तेव्हा खाणीपासून पारभासी नळीपर्यंतचे अंतर भूगोलात मोजण्यासारखे नाही.

भट्टीतील वायूचा परिणाम याच्याइतकाच निर्णायक असतो, आणि तो दोन वेगळ्या वाटांनी होतो. पहिली वाट साधी आहे. छिद्र बंद झाल्यावर त्यात भट्टीचा जो वायू अडकतो, तो घन पदार्थात विरघळून बाहेर पडू शकला नाही, तर छिद्र आकसताना त्याचा दाब वाढत जातो आणि एका क्षणी आकसणे थांबते. अॅल्युमिनाच्या बाबतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन निसटतात, नायट्रोजन आणि आर्गॉन निसटत नाहीत, हे कोबल यांनी १९६२ मध्ये दाखवले होते. दुसरी वाट युरेनियमसारख्या ऑक्साइडातच संभवते, कारण तिथे धातू आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पक्के नसते. युरेनियम डायऑक्साइड जादा ऑक्सिजन आपल्या जाळीत सामावून घेऊ शकते, आणि असा जादा ऑक्सिजन असला की युरेनियमच्या रिक्त जागा वाढून त्याच्या अणूंची हालचाल फार जलद होते. प्रचलित पद्धतीत पेलेट सुमारे १,७०० अंशांना, हायड्रोजनमध्ये किंवा अमोनियाचे विघटन करून मिळवलेल्या हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात, काही तास ठेवतात. हायड्रोजन जादा ऑक्सिजन लवकरच काढून घेतो आणि पुढची सारी घनता कमी हालचालीच्या ऑक्साइडातून, प्रखर उष्णतेच्या बळावर मिळवावी लागते. याउलट कार्बन डायऑक्साइडसारख्या किंचित ऑक्सिडीकारक वातावरणात जादा ऑक्सिजन टिकतो आणि १,१०० ते १,३०० अंशांतच चांगली घनता मिळते. अखेरीस हायड्रोजन सोडून ऑक्सिजनचे प्रमाण दोनवर आणले की काम झाले. भाभा अणुसंशोधन केंद्रात या पद्धतीवर बरेच काम झाले आहे. तिचे आकर्षण विजेच्या बचतीपुरते नाही: चारशे अंश कमी म्हणजे भट्टीचे अस्तर व तापक यांचे आयुष्य वाढते. तरी उद्योगाने जुनी वाट सोडलेली नाही, आणि त्याचे एक कारण घनतेच्या पलीकडचे आहे, कारण कमी तापमानाला स्फटिककण लहान राहतात आणि विखंडनात तयार होणारे वायू लहान कणांतून लवकर सुटतात.

येथवर घनता वाढवणे हेच ध्येय मानले, पण अणुइंधनाच्या बाबतीत शंभर टक्के घनता कोणालाही नको असते. युरेनियमच्या विखंडनातून झेनॉन व क्रिप्टॉन हे वायू आणि घन अवशेष तयार होतात, पेलेट फुगते, आणि त्या फुगण्याला आत काही जागा हवी असते. दुसरीकडे प्रत्येक टक्का पोकळी उष्णतेचे वहन एका टक्क्याहून अधिक घटवते, आणि युरेनियम डायऑक्साइड मुळातच मंदवाहक असल्याने पेलेटचे केंद्र आणखी तापते. या ओढाताणीतून सुमारे ९५ टक्के हा आकडा रूढ झाला, आणि जड पाण्याच्या अणुभट्ट्यांचे इंधन साधारणतः त्याच्या थोडे वर असते. पण केवळ टक्केवारी पुरेशी नाही हे १९७२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या गिना अणुवीज केंद्रात महागात कळले. तिथल्या काही इंधनकांड्यांची धातूची नळी जागोजागी चेपलेली आढळली, आणि कारण असे निघाले, की पेलेटमधली सूक्ष्म छिद्रे किरणोत्सर्गाच्या माऱ्याने अणुभट्टीतच नाहीशी झाली, पेलेट आकसली, त्यांच्या रांगेत फटी पडल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने नळी त्या फटींत दबली. भट्टीत अर्धवट राहिलेले सिंटरिंग अणुभट्टीने पूर्ण केले, असे याचे वर्णन करता येईल. तेव्हापासून पेलेट पुन्हा १,७०० अंशांना २४ तास ठेवून घनता किती वाढते हे तपासण्याची चाचणी प्रचलित झाली. एक मायक्रोमीटरहून लहान छिद्रे धोक्याची आणि त्याहून मोठी छिद्रे स्थिर, असा ठोकताळा बसला, आणि चूर्णात जळून जाणारे पदार्थ मिसळून मुद्दाम मोठी, टिकाऊ छिद्रे ठेवण्याची युक्ती स्वीकारली गेली. ज्या घनतेसाठी एवढा खटाटोप करायचा तीच नंतर योजून कमी करायची, ही विसंगती फक्त वरवरची आहे. कोणती छिद्रे घालवायची आणि कोणती ठेवायची, याचा अधिकार हाती येणे म्हणजेच प्रक्रियेवर प्रभुत्व मिळणे.

तारापूरच्या प्रगत इंधन निर्मिती सुविधेत युरेनियम आणि प्लुटोनियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्र इंधन तयार होते. तिथे प्लुटोनियमचा कण श्वासातून शरीरात जाऊ नये म्हणून दळणे, मिसळणे, दाबणे आणि भाजणे ही सारी कामे बंदिस्त पेट्यांत, त्यांना बसवलेल्या हातमोज्यांतून करतात, आणि कारखान्यातल्या साध्या गोष्टी, जसे की चूर्ण चाळणे किंवा साचा पुसणे, तिथे प्रक्रियेच्या अटी बनतात. दोन ऑक्साइडांची चूर्णे दळून एकजीव केली नाहीत, तर प्लुटोनियम जिथे दाटलेले असेल तिथे पेलेट जास्त तापते. तेव्हा इथे घनतेच्या जोडीला एकसारखेपणाची अट येते, आणि दोन्ही एकाच दळण्यावर अवलंबून असतात.

थोरियाकडे आल्यावर प्रश्नाची धार आणखी वाढते. भारताजवळ मोनाझाइट वाळूच्या रूपात थोरियमचा मोठा साठा असल्यामुळे या ऑक्साइडाचे सिंटरिंग हा तुर्भ्याचा दीर्घकाळचा विषय राहिला आहे, आणि काक्रापारच्या पहिल्या एककात थोरियाची इंधनगुच्छे न्यूट्रॉनांचे वितरण सपाट करण्यासाठी प्रत्यक्ष वापरलीही गेली. थोरियम ऑक्झलेटपासून मिळणारे थोरियाचे चूर्ण चौकोनी, चपट्या पाकळ्यांचे असते. भाजल्यावरही ऑक्झलेटच्या स्फटिकांचा हा आकार टिकून राहतो आणि पाकळ्या नीट दाटत नाहीत, म्हणून त्या आधी दळून मोडाव्या लागतात. थोरियामध्ये युरेनियमसारखा जादा ऑक्सिजन सामावत नसल्यामुळे वातावरण बदलून हालचाल वाढवण्याची सोय नाही. मग ती सोय भरीतून मिळवावी लागते. मॅग्नेशियम ऑक्साइडाची अत्यल्प भर घालून १,७०० अंशांना आणि नायोबियम ऑक्साइडाची अल्प भर घालून १,१५० अंशांच्या आसपास, साध्या हवेतही, चांगली घनता मिळते, असे भारतीय प्रयोगांतून दिसून आले.

यानंतरची अडचण रसायनाची नसून किरणोत्सर्गाची आहे. थोरियमपासून अणुभट्टीत जे युरेनियम-२३३ मिळते, त्यासोबत युरेनियम-२३२ ही अल्प प्रमाणात येते आणि त्याच्या वंशजांतून अत्यंत भेदक गॅमा किरण निघतात. हातमोज्यांच्या पेट्या तिथे पुरत नाहीत, जाड कवचाआड यंत्रहस्तांनी काम करावे लागते, आणि चूर्ण दळण्यासारखे धूळ उडवणारे टप्पे अशा जागी शक्य तितके टाळायचे असतात. यासाठी तुर्भ्याला विकसित झालेली एक रीत या संपूर्ण विवेचनातील क्रम उलटा करते. शुद्ध थोरियाची पेलेट साध्या कारखान्यात, कवचाविना, मुद्दाम कमी तापमानाला, सैद्धांतिक घनतेच्या सुमारे तीन चतुर्थांश घनतेपर्यंतच भाजतात, म्हणजे त्यांच्यातली छिद्रे उघडी आणि एकमेकांना जोडलेली राहतात. मग कवचाआड निर्वातात ती युरेनियम-२३३ च्या नायट्रेट द्रावणात बुडवून द्रावण छिद्रांत मुरवतात, वाळवतात, आणि अखेरचे सिंटरिंग करून उरलेली छिद्रे मिटवतात. एका खेपेत किती युरेनियम आत जाईल हे उघड्या छिद्रांच्या आकारमानावर आणि द्रावणाच्या तीव्रतेवर ठरते, म्हणून अधिक हवे असेल तर मुरवणे आणि वाळवणे पुन्हा करावे लागते. आणि पहिल्या भाजणीत घनता दोन टक्क्यांनी जास्त झाली, तर छिद्रांचे जाळे तेवढे अरुंद होऊन द्रावण पेलेटच्या गाभ्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.